दोन्ही बाजूंचं माप

बिबवेवाडी, पुणे ३७
९ जानेवारी २०००

आदरणीय बाईंना शालूचा सादर नमस्कार.

नवं वर्ष लागलं. कॉम्प्युटर बंद पडून सगळं जग थांबणार, असं महिनाभर ऐकत होतो. ह्यांना टेलिफोन ऑफिसात जादा ड्युटी लागली. काहीच थांबलं नाही. आमची पूर्वा म्हणते, ते तुमच्या श्रीनिवासनं अमेरिकेत बसून सावरलं. त्याला शाबासकी सांगा.

शनिवार पेठेतल्या आपल्या क्लासची किल्ली माझ्याकडे नीट आहे. क्लास मात्र ऑगस्टपासून बंद ठेवावा लागला. तुम्ही जूनमध्ये विश्वासानं माझ्या हाती सोपवून गेलात आणि दोन महिन्यांत मी कुलूप लावलं, याची लाज वाटते. माझी पाठ धरली होती. आता बरी आहे. उघडीन लवकरच.

पत्र लिहायचं कारण वेगळं आहे. एक गिऱ्हाईक आहे, आमच्याच भागातलं. तिला ब्लाउज बसेना झालाय. काखेशी मुंढ्यात जो टक येतो, त्याची शिलाई तिला बोचते, इतकी की अंगावर ठेववत नाही. चार-पाच महिने बाई घराबाहेर पडलेली नाही. शाल गुंडाळून बसते. बुद्धपौर्णिमेला विहारात पांढरी साडी नेसून जायची तिची इच्छा आहे. दरवर्षी जायची. पांढऱ्यात काही लपत नाही आणि पदर डाव्या खांद्यावर गेला की डावी बाजूच उघडी पडते, हे तुम्हाला सांगायला नको. ती म्हणते, ब्लाउज बसला तर जाईन, नाहीतर आता कुठंच नको.

तर बाई, मुंढ्यातला टक हलवायचा कुठे? तुम्ही शिकवलं होतं, पण माझ्या हातून नीट होत नाहीये. नमुन्याचा कागद घडी करून सोबत ठेवला आहे. छातीवरून उजवीकडे साडेनऊ इंच आलंय, डावीकडे आठ. दोन्ही लिहिलेत.

सूनबाईंना, नम्रताताईंना नमस्कार.

आपली,
शालू


एडिसन, न्यू जर्सी
२४ जानेवारी २०००

सौ. शालूस अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. पाठ धरली तर पाच महिने क्लास बंद? माझी पाठ गेली अकरा वर्षं धरलेली आहे. असो. कुलपाला तेल घालत जा, गंजेल.

तुझा कागद पाहिला. दोन गोष्टी बोलायच्या आहेत. पहिली, कागदावर गिऱ्हाइकाचं नाव नाही. नाव नसलेला कागद म्हणजे स्वारगेटवर सोडून दिलेलं बोचकं. कुणाचं, कुठे जायचं, काही पत्ता नाही. क्लासात पहिल्या दिवशी हेच शिकवते मी. दुसरी गोष्ट, उजवीकडे साडेनऊ आणि डावीकडे आठ? अगं, माणूस आहे की एका बाजूला कललेली बैलगाडी? टेप धरताना बाई वाकली असणार, किंवा तू टेप ओढला असणार. म्हणून तर आपण माप उजवीकडूनच घेतो आणि कापड दुमडून एकदाच कापतो. भिंतीवरच्या पाटीवर पहिला नियम हाच कशासाठी लिहिला आहे? वाचायला.

आता टक. टक म्हणजे छातीला जागा मिळावी म्हणून कापडाला काढलेला चिमटा. तो पुसता येत नाही, हलवता येतो. हे वाक्य तुला वीस वर्षांपूर्वी पाठ होतं. कागदावर छातीच्या बिंदूवर खूण कर. जिथे टक हवा, तिथून त्या बिंदूपर्यंत कात्रीनं काप, पण पार जाऊ नकोस, केसाएवढं सोड. मग नको असलेला टक मिटवून खळीनं चिकटव. तो मिटला की कापलेली जागा आपोआप उघडते. तो झाला नवा टक. मुंढ्यातला बोचत असेल तर तो मिटवून कमरेत उघड.

हे लिहून भागणार नाही, म्हणून मीच कापून पाठवते आहे. इथे वाण्याकडून सामान खाकी कागदाच्या पिशव्यांतून येतं. नम्रता त्या टाकून देते. मी दोन उचलल्या. खाली गालिचा आहे, टाचणी पडली की गेलीच, म्हणून स्वयंपाकघराच्या फरशीवर बसून कापलं. डावी बाजू मी उजवीसारखी साडेनऊ करून दुरुस्त केली आहे. यात बदल करू नकोस.

मी इथे मजेत आहे. घर मोठं आहे, गरम आहे, सगळं आहे. मागच्या पानावर श्रीनिवासनं त्याचा ई-मेलचा पत्ता लिहिला आहे. तो म्हणतो, पत्रं कशाला, हे दोन मिनिटांत पोहोचतं. मी म्हटलं, त्यातून कागदाचा ब्लाउज पाठवून दाखव.

तुझी,
प्रेमलाबाई आगाशे


बिबवेवाडी
१२ फेब्रुवारी २०००

आदरणीय बाई,

कागद मिळाला. तसाच कापला, तसाच शिवला. काही बदललं नाही.

बसला नाही. ते गिऱ्हाईक आता नको म्हणतंय. तुम्ही त्रास घेतलात, त्याबद्दल आभारी आहे.

शालू


एडिसन
२५ फेब्रुवारी २०००

सौ. शालूस आशीर्वाद.

बसला नाही म्हणजे काय? खांद्यावरून घसरला? पाठीत फुगला? गळा उभा राहिला? ‘बसला नाही’ हे गिऱ्हाईक बोलतं, शिंपीण बोलत नाही. कुठे, किती आणि कसा, ते लिही.

आणि गिऱ्हाईक नको म्हणालं म्हणून तू ऐकलंस? माझ्या क्लासातून आजवर न बसलेला ब्लाउज बाहेर गेलेला नाही. उसवून, वळवून, रडून का होईना, बसवलाय. उलट टपाली उत्तर पाठव.

प्रेमलाबाई


(श्रीनिवासनं ऑफिसात छापून आणलेला ई-मेल. २४ मार्च २०००)

आगाशे आजी,

मी पूर्वा, शालूची मुलगी. सायबर कॅफेतून टाइप करतेय, इंग्रजी अक्षरांत मराठी, वाचायला त्रास होईल, सॉरी. तुमच्या पत्राच्या मागे हा पत्ता होता. आईला सांगितलेलं नाही. प्लीज तुम्हीही सांगू नका.

तुम्ही ‘उलट टपाली’ लिहिलं होतं, पण आई उत्तर पाठवणार नाही. तुमचं पत्र तिनं उशीखाली ठेवलंय.

आजी, ते गिऱ्हाईक म्हणजे आईच आहे.

ऑगस्टमध्ये तिचं ऑपरेशन झालं. कॅन्सर होता. डावी बाजू पूर्ण काढली. डॉक्टर म्हणतात, सगळं निघालंय, पुढची औषधंपण डिसेंबरमध्ये संपली, आता फक्त चेकअप. केस परत यायला लागलेत, लहान मुलासारखे मऊ आहेत. म्हणजे ती बरी आहे. पण ती बाहेर येत नाही. दारावरची बेल वाजली तरी शाल शोधते. बाबा म्हणतात, वेळ लागेल. पण किती?

आठ इंच बरोबर होतं. मीच टेप धरला होता, तिनं सांगितलं तसा, तीनदा. तुमचा कागद आला तेव्हा तिला माहीत होतं की तो बसणार नाही. मी म्हटलं, अगं डावी बाजू कमी कर ना. तर म्हणाली, ‘बाईंनी पाठवलेला कागद बदलायचा नसतो.’ तसाच शिवला. घातला तेव्हा डावीकडे नुसतं रिकामं टोक उभं राहिलं, पिशवीसारखं. तिनं ते हातानं आत दाबलं, तर परत उभं राहिलं. मग ती आरशासमोरच खाली बसली आणि रडली. मी आईला असं रडताना पाहिलं नव्हतं.

मला तुमचा राग आला होता, खरं सांगते. आता नाही. तुम्हाला कसं कळणार होतं?

पौर्णिमा १८ मेला आहे. मला शिवायला येत नाही, आईनं सांगितलं कॉम्प्युटर शीक. तुम्ही काहीतरी करा ना.

पूर्वा


एडिसन
२६ मार्च २०००

सौ. शालूस अनेक अनेक आशीर्वाद.

उत्तर आलं नाही, म्हणून मीच लिहिते. तुझं ते गिऱ्हाईक डोक्यातून जात नाही. बसून विचार केला. त्या बाईला माझा निरोप दे. म्हणावं, प्रेमलाबाई आगाशे माफी मागते. तिचं माप बरोबर होतं. मी न पाहता, न विचारता, इतक्या लांबून ते खोडलं. वर बैलगाडी म्हणाले. माझी जीभ कात्रीपेक्षा जास्त चालते, हे आमचे हे सांगायचे. तेव्हा ऐकलं नाही.

मला एक जुनी गोष्ट आठवली. क्लासाच्या सुरुवातीच्या काळात एक बाई आली होती, वैशाखात शाल घेऊन. मी उजवीकडचं माप घेतलं आणि डावीकडे वळले, तर ती दोन पावलं मागे सरकली. मी म्हटलं, ‘राहू द्या, आम्हाला एकच बाजू पुरते.’ तिचा चेहरा एकदम सैल झाला. मला वाटलं, किती समजूतदार गिऱ्हाईक. ब्लाउज घेऊन गेली, परत कधी आली नाही. मी समजले, दुसरीकडे जात असेल. शालू, तीस वर्षं मी बायकांची एकच बाजू मोजली. दुसरीकडे काय आहे ते कुणाला विचारलं नाही. परवापासून मला त्या बाईचा चेहरा दिसतोय आणि मला फार वाईट वाटतंय.

आता काम. रडणं पुरे, माझंही.

मी इथे एक करून पाहिलं. नम्रतानं विचारलं, काय चाललंय, तर तिला सगळं सांगितलं. ती कधी नव्हे ती फरशीवर माझ्याशेजारी येऊन बसली आणि तिनं टाचण्या धरल्या. आधी मलमलीची एक पिशवी शिव, गोल, हाताच्या ओंजळीएवढी. कापूस भरू नकोस, तो हलका पडतो आणि वर सरकतो. राळे भर. भवानी पेठेत भुसाराच्या दुकानात मिळतील. इथे पक्ष्यांना घालायचे दाणे मिळतात, ते आपले राळेच निघाले. राळ्याला वजन असतं आणि ते अंगाचा आकार घेतात. आरशासमोर उभं राहून दोन्ही खांदे सरळ दिसेपर्यंत दाणे घालायचे किंवा काढायचे. धुताना पिशवी काढून ठेवायची, नाहीतर मोड येतील.

पिशवी जागेवर बांधून मग दोन्ही बाजूंचं माप घे. दोन कागद कर. दुमडू नकोस. डाव्या कागदावर, जिथून शिलाई जायला नको, ती रेघ खडूनं मार. तिला विचारून मार, तिलाच माहीत असणार. त्या रेघेवर एकही टक येता कामा नये. मुंढ्याजवळ तिला कापड जास्त होत असेल, तिथे अंग आत बसलेलं असणार. ते जास्तीचं तिथेच मिटव. मिटवलंस की ते खाली उघडेल, आणि खाली आपल्याला पिशवीसाठी जागा हवीच आहे. वरचं जास्तीचं खालच्या कामाला येतं. एकच मोठा टक मारू नकोस, टोक येईल. कमरेत शेजारी-शेजारी दोन मार आणि बिंदूच्या एक इंच अलीकडे संपव. उजवीकडेही तेच कर, म्हणजे बाहेरून दोन्ही सारखे दिसतील. अस्तर जुन्या धोतराचं घे, नवं कापड टोचतं. डाव्या अस्तराला आतून खिसा कर, तोंड काखेच्या बाजूला.

या वेळी मी कागद पाठवत नाही. मी ते अंग पाहिलेलं नाही, तू पाहिलं आहेस. तूच काप. चुकलं तर उसव, परत काप. आणि कागदावर नाव घाल.

तुझी,
प्रेमलाबाई


बिबवेवाडी
२० मे २०००

आदरणीय बाईंना शालूचा नमस्कार.

गिऱ्हाईक कोण ते तुम्हाला कळलंय, हे मला तुमच्या पत्राच्या तिसऱ्या-चौथ्या ओळीतच कळलं. वीस वर्षांत तुम्ही कुठल्या गिऱ्हाइकाची माफी मागितल्याचं मी ऐकलेलं नाही. पूर्वाला विचारलं, तर ती आधी नाही म्हणाली, मग रडायलाच लागली. मीही रडले. ह्यांनी चहा केला, साखर विसरले, आम्ही तसाच प्यालो.

तुम्हाला आधीच सांगायला हवं होतं. पण कसं लिहू कळत नव्हतं, बाई. दुसऱ्या बायकांची मापं वीस वर्षं लिहिली, स्वतःचं लिहायला हात उठेना. वाटलं, गिऱ्हाईक म्हणून लिहिलं तर तुम्ही नुसतं काम सांगाल आणि मला तेवढंच ऐकायचं होतं.

राळे आणले. ह्यांनी दुकानात किलोभर मागितले, तो म्हणाला, ‘पोपट पाळलाय का?’ पूर्वानं पिशवी शिवली. टीप सापासारखी वाकडी आहे, पण मी उसवली नाही. तीनदा दाणे घातले-काढले. पिशवी लावून मी आरशात पाहिलं आणि ऑगस्टनंतर पहिल्यांदा खांदे सरळ दिसले. पाठ खरोखरच धरलेली होती, ती त्या आठवड्यात सुटली. म्हणजे मी तुम्हाला अगदीच खोटं लिहिलं नव्हतं.

दोन कागद केले. खडूची रेघ मी स्वतः मारली. छातीच्या हाडापासून काखेपर्यंत जाते. आजवर मी तिच्याकडे नीट पाहिलंच नव्हतं, आंघोळ करतानासुद्धा डोळे मिटायचे. ती रेघ कागदावर उतरवायची म्हणून पाहावं लागलं. सरळ आहे, बाई. चांगल्या हाताची शिलाई आहे.

पहिला कागद चुकला. केसाएवढं सोडायचं ते सोडलं नाही, तुकडाच निघाला. दुसऱ्यात टक फार वर गेला. तिसरा जमला. मुंढ्यातलं मिटवलं आणि तुम्ही म्हणालात तसं खाली उघडलं, बरोबर पिशवीला पुरेल एवढं. मी कागद तसाच हातात धरून बसले होते. मला फार आनंद झाला, दुसरं काय लिहू?

परवा पौर्णिमेला विहारात गेले. पांढरी साडी, पांढरा ब्लाउज, शाल नाही. दारात पाय अडखळले. पूर्वा म्हणाली, ‘आई, चल ना, ऊन लागतंय.’ आत गेले. कुणी पाहिलं नाही, बाई! कुणीच पाहिलं नाही! सगळ्या आपापल्या कामात, कुणाचं मूल रडत होतं, कुणी खिरीचं पातेलं हलवत होतं. दोघी-तिघी म्हणाल्या, ‘शालू, बरेच दिवसांनी.’ मी म्हटलं, हो. वंदनेला हात जोडले तेव्हा मुंढ्यात काही बोचलं नाही. मी मुद्दाम हात वर केले, पुन्हा केले. नाहीच बोचलं.

निघताना सुंदराबाई म्हणून एक म्हातारी, पुढच्या गल्लीतली, माझ्याजवळ आली. ब्लाउजच्या डाव्या बाजूवर तिनं नुसती नजर टाकली. म्हणाली, ‘पोरी, कोणी शिवला गं?’ मी म्हटलं, मीच. तर हळूच म्हणाली, ‘नऊ वर्षं झाली मला. रुमालाचा गोळा कोंबते. माझा शिवशील?’ तिला नऊ वर्षं मी ओळखते, बाई. दर पौर्णिमेला शेजारी बसलोय. मला माहीत नव्हतं.

म्हणून आज सकाळी शनिवार पेठेत गेले आणि क्लास उघडला. कुलूप गंजलं होतं, तेल घालावं लागलं. बोलणी खायची तयारी आहे. सुंदराबाईंना घेऊन गेले होते. त्यांचं दोन्ही बाजूंचं माप घेतलं. उघडं दार पाहून जुन्या चार मुलीही आल्या. तुमच्या पाटीवरच्या पहिल्या नियमावर मी कागद चिकटवला आहे: ‘दोन्ही बाजू मोजाव्यात.’ तुम्हाला न विचारता केलं. नको असेल तर काढते. खालचा, ‘विनाकारण गप्पा मारू नयेत, सकारण मारायच्या असल्यास सुई हातात असावी’ हा तसाच ठेवलाय.

मुलींना टक हलवायला शिकवायचं होतं. तुमचा जुना नमुना उंदरांनी खाल्ला आहे. म्हणून माझाच कागद, डावा आणि उजवा, खिळ्याला अडकवला. त्यातली एक, कोथरूडहून येते ती, लगेच म्हणाली, ‘बाई, हा चुकलाय, दोन्ही बाजू वेगळ्या आहेत. कुणाचा आहे?’

मी म्हटलं, चुकलेला नाही. नाव वाच.

वर मोठ्या अक्षरांत लिहिलंय, तुम्ही सांगितलं होतं तसं. शालू भीमराव ओव्हाळ.

आपली,
शालू